बॉलची सोडत, संगणकाची सोडत आणि आकड्यांचं भाकीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोडत काचेच्या डब्यात उसळणाऱ्या बॉलने निघो की संगणकाच्या बटणाने, लोक फिरून फिरून तेच विचारतात. आकडा आधी ओळखता येतो का? आणि दोन्हींपैकी खरी सोडत कोणती? या प्रश्नांत दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. आकडा ओळखणं वेगळं आणि आकडा ठरवून ठेवणं वेगळं. नीट चालवलेल्या सोडतीत आकडा ओळखणं कोणालाच जमत नाही. आकडा ठरवून ठेवण्याचा प्रकार मात्र बॉलच्या सोडतीतही झाला आहे आणि संगणकाच्याही. खालची उत्तरं वाचताना हा फरक मनात धरून ठेवा.

हिशेब सोपा पडावा म्हणून पुढे बहुतेक ठिकाणी ४९ आकड्यांतून ६ काढण्याची सोडत धरली आहे. तिच्यात एकूण १,३९,८३,८१६ संच होतात आणि त्यातला एकच लागतो.

यादृच्छिक, म्हणजे रँडम, नेमकं कशाला म्हणायचं?

मागचे सगळे निकाल हाताशी असूनही पुढचा निकाल सांगता येत नाही आणि प्रत्येक आकड्याला सारखीच संधी मिळते, अशा पद्धतीला. इथे एक गोष्ट सहज निसटते. यादृच्छिकपणा आकड्यांत नसतो, आकडे काढायच्या रीतीत असतो. ७, १३, २२, ३०, ४१, ४४ हा संच डब्यातून आला की मी मनाने लिहिला, हे नुसता संच बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून सोडतीची पारख करायची तर ती आकडे बघून नव्हे, आकडे कसे निघाले ते बघून करायची.

बॉल शेवटी पदार्थविज्ञानाच्या नियमांनीच उसळतो ना? मग तो कुठे जाईल हे गणिताने का काढता येत नाही?

नियमाने उसळतो हे अगदी खरं. यंत्रं साधारण दोन जातींची असतात. एका जातीत टेबल टेनिसच्या बॉलसारखे हलके बॉल हवेच्या झोतावर नाचतात. दुसरीत रबरी बॉल असतात आणि उलटसुलट दिशांनी फिरणारी पाती त्यांना ढवळतात. दोन्हींत गूढ असं काही नाही.

अडचण येते ती सुरुवातीच्या मापाची. समजा, बॉलची जागा तुम्ही केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी अचूक मोजली. एवढं अचूक मोजणं प्रयोगशाळेतही सोपं नाही, तरी मोजलं असं धरू. दोन गोल वस्तू एकमेकींवर आदळल्या की जागेतली बारीकशी चूक दिशेतल्या चुकीत बदलते आणि पुढच्या टकरीपर्यंत फुगते. प्रत्येक टकरीत ती पाचपट होते असं धरलं, तर नऊ टकरींत ती जवळपास २० लाख पट होते. केसाचा हजारावा भाग गुणिले २० लाख म्हणजे बॉलच्या आकाराहून मोठी चूक! दहावी टक्कर या बॉलशी होणार की त्या, हेच आता तुम्हाला ठाऊक नाही. यंत्र सुरू झाल्यावर काही सेकंदांतच एवढ्या टकरी होऊन जातात. सुरुवातीचा अगदी क्षुल्लक फरक शेवटी प्रचंड होतो आणि त्यालाच आपण योगायोग म्हणतो, हे हेन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं.

एखाद्या बॉलवर शाई जास्त असेल, तो किंचित जड असेल, तर तो कमी किंवा जास्त वेळा येईलच की?

शंका रास्त आहे आणि सोडत घेणाऱ्यांनाही ती असते. म्हणून बॉल वेळोवेळी तोलतात, त्यांचा व्यास मोजतात, त्यांचे अनेक संच ठेवतात, संच कुलपात सीलबंद करतात. आज कोणता संच आणि कोणतं यंत्र वापरायचं हेही बऱ्याच ठिकाणी ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरतं. खऱ्या सोडतीआधी चाचणीच्या सोडती होतात त्या वेगळ्याच.

एवढं करूनही एखाद्या आकड्याची शक्यता ५ टक्क्यांनी जास्त राहिली असं समजू. ही झुकती बाजू नुसत्या निकालांवरून जरा खात्रीने ओळखायला सुमारे ११,५०० सोडती लागतात. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर ११० वर्षं! तोवर बॉलचे संच कितीदा बदललेले असतील. बरं, ओळखलीत तरी हाती काय येणार? तो आकडा असलेल्या प्रत्येक संचाची संधी एवढीशी वाढणार, आणि लॉटरी तर जमलेल्या पैशातला साधारण निम्माच भाग बक्षिसांत वाटते. पाच टक्क्यांनी ती दरी भरून निघत नाही.

मग बॉलच्या सोडतीत पक्षपात कधीच दिसलेला नाही का?

दिसला आहे, आणि तोही ढवळण्यात हलगर्जी झाली म्हणून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने सैन्यभरतीसाठी १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखा ३६६ प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या. आधी जानेवारीच्या, मग फेब्रुवारीच्या, अशा ओळीने त्या पेटीत पडल्या आणि पुरेशा ढवळल्याच गेल्या नाहीत. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांना आधी बोलावणं. सगळ्या तारखांचा सरासरी क्रमांक १८३.५ यायला हवा. जानेवारीचा आला २०१.२ आणि डिसेंबरचा १२१.५. शेवटी पेटीत पडलेल्या तारखा वरच राहिल्या होत्या. ही लॉटरी पैशांची नव्हती, माणसं लढाईवर धाडण्याची होती. म्हणून मला हे उदाहरण कायम लक्षात राहतं. डब्यात हात घालून काढलं म्हणजे आपोआप न्याय झाला, असं होत नाही.

संगणक तर सांगितलं तेवढंच करतो. मग तो रँडम आकडा आणतो कुठून?

नुसत्या सूत्रातून आणला तर तो खरा रँडम नसतोच. हे कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एक आकडा घ्या, त्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी उरेल तो पुढचा आकडा. ७ पासून सुरुवात करू. ७ पाचा ३५, अधिक ३ म्हणजे ३८. १६ ने भागून बाकी ६. पुढे ६ वरून १, १ वरून ८. अशी ही माळ होते :

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, आणि परत ७.

० ते १५ मधला प्रत्येक आकडा बरोबर एकदा आला. वरवर बघता आकडे विस्कटलेले वाटतात. आता सम-विषम तपासा. विषम, सम, विषम, सम, शेवटपर्यंत एकदाही क्रम चुकलेला नाही. विस्कटलेलं दिसणं आणि ओळखता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा. संगणकातले साधे रँडम प्रोग्रॅम याच जातीचे असतात, फक्त त्यांतले आकडे अवाढव्य असतात आणि माळ फार लांब असते. त्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. ज्या आकड्यापासून माळ सुरू होते त्याला सीड म्हणतात. आपल्या माळेचं सीड होतं ७. सूत्र आणि सीड ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खी माळ.

म्हणजे संगणकाच्या सोडतीचा पुढचा आकडा काढता येतो तर?

प्रोग्रॅम कच्चा असेल तर येतो. हे टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

कच्चेपणा बहुतेक वेळा दोन जागी असतो. एक सूत्रात. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये मर्सेन ट्विस्टर नावाचं सूत्र दिलं. शास्त्रीय आकडेमोडीसाठी ते उत्तम आहे आणि जगभर वापरलं जातं. पण त्यातून निघालेले सलग ६२४ आकडे पूर्णपणे हाती आले की त्याची आतली सगळी स्थिती उलगडते आणि पुढचा प्रत्येक आकडा सांगता येतो. ते सोडतीसाठी बनवलेलंच नाही. त्याने सोडत काढली तर दोष वापरणाऱ्याचा.

दुसरी जागा सीड. समजा, प्रोग्रॅम घड्याळातल्या सेकंदांना सीड धरतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे जाहिरातीत १ कोटी ४० लाख संच आणि प्रत्यक्षात त्या दिवशी निघू शकणारे फार तर ८६,४००. त्यातून सोडत रात्री आठला होते हे माहीत असेल, तर आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटं धरून उरतात २४०. एवढी तिकिटं कोणीही काढू शकेल.

प्रत्यक्षात घडलेलं उदाहरण मॉन्ट्रियलच्या कॅसिनोतलं. एप्रिल १९९४ मध्ये तिथल्या केनो या आकड्यांच्या खेळात एका गिऱ्हाइकाने लागोपाठ तीनदा २० पैकी १९ आकडे बरोबर ओळखले आणि ६ लाख डॉलरहून जास्त रक्कम जिंकली. चौकशीत कळलं की यंत्र रात्री बंद व्हायचं आणि सकाळी सुरू होताना रोज त्याच सीडपासून माळ धरायचं. रोज तेच आकडे, त्याच क्रमाने. माणसाने फसवलं नव्हतं, नीट लक्ष दिलं होतं. त्याला पैसे मिळाले.

मग चांगली संगणकीय सोडत कशी असते?

ती सूत्रावर विसंबून राहत नाही, निसर्गातला गोंगाट वापरते. ब्रिटनमध्ये प्रीमियम बाँडच्या, म्हणजे व्याजाऐवजी सोडतीतून बक्षीस देणाऱ्या सरकारी बचत रोख्यांच्या, बक्षिसांसाठी १९५७ पासून अर्नी नावाचं यंत्र आकडे काढतं. पहिला अर्नी निऑनच्या नळ्यांमधल्या विजेच्या खळबळीतून आकडे घ्यायचा. तो बनवणाऱ्यांत टॉमी फ्लॉवर्स होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडण्यासाठी कोलोसस हा संगणक उभा करणारे इंजिनिअर. २०१९ पासूनचा पाचवा अर्नी प्रकाशाच्या क्वांटम गुणधर्मातून आकडे काढतो. या खळबळीला ना सूत्र आहे ना सीड.

बरीच यंत्रं दोन्हींची सांगड घालतात. गोंगाटातून सीड घ्यायचं आणि मग गुप्तलेखनासाठी बनवलेल्या सूत्राने आकडे काढायचे. बँकेचे व्यवहार ज्या जातीच्या गणितावर सुरक्षित राहतात त्याच जातीचं हे सूत्र. निघालेले आकडे कितीही जमवा, त्यावरून मागे सीडपर्यंत पोचायची वाट आजवर सापडलेली नाही.

निकालांची यादी बघून सोडत बॉलची की संगणकाची हे ओळखता येईल?

दोन्ही नीट चालत असतील तर नाही. बिघाड असेल तर कधी कधी येतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या तीन आकडी संगणकीय सोडतीत ९ हा आकडा येतच नव्हता. प्रोग्रॅम लिहिताना चूक झाली होती आणि नऊला संधीच ठेवलेली नव्हती. ९ वर पैसे लावणाऱ्यांचं तिकीट लागणं तेव्हा अशक्यच होतं.

टीव्हीवर सगळ्यांसमोर बॉल काढतात. तिथे फसवणूक कशी होणार?

२४ एप्रिल १९८० च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या दैनंदिन सोडतीत थेट प्रक्षेपणात ६६६ हा आकडा निघाला. तीन यंत्रं, प्रत्येकात ० ते ९ असे दहा बॉल. सूत्रसंचालक निक पेरी आणि त्याच्या साथीदारांनी ४ आणि ६ सोडून बाकी सगळ्या बॉलमध्ये इंजेक्शनच्या सुईने पांढरा रंग भरला होता. जड झालेले बॉल खालीच घुटमळत राहिले आणि हलके ४ आणि ६ वर उसळले.

आता तिन्ही जागी ४ किंवा ६ एवढंच येऊ शकतं, म्हणजे हजारातले उरले आठ : ४४४, ४४६, ४६४, ६४४, ४६६, ६४६, ६६४, ६६६. टोळीने या आठांवर भरभरून पैसे लावले आणि तिथेच ती उघडी पडली. ठरावीक आठच आकड्यांवर एवढी तिकिटं कशी, कुठेतरी पाणी मुरतंय, असा संशय आला. पेरीला १९८१ मध्ये दोषी ठरवलं गेलं.

लाखो डोळे बघत होते. पण त्यांना दिसत होता तो डबा. बॉलच्या पोटात काय आहे ते दिसत नव्हतं.

आणि संगणकाच्या सोडतीतला घोटाळा?

तो एडी टिप्टनचा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांची लॉटरी चालवणाऱ्या मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन या संस्थेत तो संगणक सुरक्षेचा प्रमुख होता. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणणार! सोडतीचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला आणि त्यात एक छुपी वाट ठेवली. वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, म्हणजे २७ मे, २३ नोव्हेंबर आणि २९ डिसेंबरला, वार बुधवार किंवा शनिवार असेल आणि वेळ रात्री आठनंतरची असेल, तर यंत्राने गोंगाटाचं सीड सोडायचं आणि त्याला आधीच हिशेब करता येईल असं सीड घ्यायचं. एरवी वर्षभर यंत्र सरळ वागायचं. त्यामुळे चाचण्यांत काही सापडलंच नाही. कोट्यवधी शक्यतांमधून त्याच्यापाशी काही शेच उरायच्या.

२९ डिसेंबर २०१०, बुधवार. हॉट लोट्टो या खेळात १ कोटी ६५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं आणि जवळजवळ वर्षभर कोणी पुढेच आलं नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना परदेशी ट्रस्टच्या नावाने दावा आला. खरा विजेता कोण, हे सांगायला मात्र कोणी तयार नव्हतं. दुकानातल्या कॅमेऱ्यात तिकीट घेणाऱ्याचं चित्रण होतं. २०१४ मध्ये ते लोकांसमोर आणल्यावर सहकाऱ्यांनी टिप्टनचा आवाज ओळखला. विस्कॉन्सिनमध्ये वापरलेलं जुनं यंत्र जपून ठेवलेलं होतं, त्यात ती छुपी वाट तपासनिसांना सापडली. २०१७ मध्ये टिप्टनला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

मग दोन्हींपैकी कोणती सोडत जास्त भरवशाची?

माझं मत सांगतो. रँडमपणात चांगला संगणक बॉलच्या तोडीस तोड आहे, काकणभर सरसच. पण बॉलच्या सोडतीत लबाडी करायची तर वस्तूंना हात लावावा लागतो, सुई आणावी लागते, दोन-चार माणसं सामील करावी लागतात आणि माग राहतो. संगणकात एकटा माणूस चार ओळी लिहून वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. म्हणून संगणकाच्या सोडतीवर पहारा जास्त कडक हवा, आणि तो आहे की नाही हे विचारायचा हक्क प्रत्येक तिकीट घेणाऱ्याला आहे.

काय विचारायचं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोडतीच्या यंत्राजवळ जाता येतं का? बाहेरचे तज्ज्ञ नुसते निकाल तपासतात की प्रोग्रॅम ओळन् ओळ वाचतात? सोडतीआधी तिकिटांची विक्री बंद करून यादी सीलबंद होते का? वापरलेलं यंत्र नंतर जपून ठेवतात का? आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सीडचा गणिती ठसा सोडतीआधीच जाहीर करणं. ठशावरून सीड काढता येत नाही, पण सोडत झाल्यावर सीड उघड केलं की ठसा जुळतो का हे कोणालाही घरबसल्या पडताळता येतं. बंद पाकीट आधीच सर्वांसमोर टेबलावर ठेवण्यासारखं आहे हे. जे हे करायला तयार नाहीत त्यांनी कारण सांगावं.

बरेच दिवस न आलेला आकडा आता येण्याची शक्यता वाढलेली असते ना?

नाही. आपण किती दिवस आलो नाही हे बॉलला ठाऊक नसतं.

इटलीच्या लोट्टोत प्रत्येक शहराच्या सोडतीत ९० पैकी ५ आकडे निघतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षं, १८० हून जास्त सोडती, आला नाही. देशभर लोक ५३ वर पैसे लावत सुटले. आज नाही तर उद्या, आता तर यायलाच हवा. काहींनी आयुष्यभराची पुंजी घालवली. ९ फेब्रुवारी २००५ ला तो एकदाचा आला. ठरावीक आकडा १८२ सोडती न येण्याची शक्यता सुमारे ३३,००० त एक आहे. पण दहा शहरं आणि प्रत्येकी ९० आकडे, म्हणजे ९०० आकडे वर्षानुवर्षं रांगेत उभे. त्यातला एखादा कधी ना कधी एवढा रेंगाळणारच. आदल्या दिवशीही ५३ ची संधी १८ त १ होती आणि दोन वर्षांपूर्वीही १८ त १.

आपल्या ४९ च्या सोडतीतही कोणत्याही दिवशी मागे वळून पाहिलं, तर गेल्या ३० सोडतींत न आलेला सरासरी एक आकडा असतोच. चार्ट विकणारे त्यालाच कोल्ड नंबर म्हणून पुढे करतात.

लागोपाठचे आकडे किंवा मागच्या सोडतीतला आकडा घेऊ नये म्हणतात. खरं आहे का?

उलटंच आहे. ४९ पैकी ६ च्या सोडतीत २३-२४ सारखी निदान एक लागोपाठ जोडी असण्याची शक्यता ४९.५ टक्के आहे. मागच्या सोडतीतला निदान एक आकडा परत येण्याची शक्यता ५६ टक्के. आपल्या मनाला रँडम आकडे नीट पसरलेले वाटतात, पण खऱ्या सोडतीत ते खुशाल घोळक्याने येतात. १, २, ३, ४, ५, ६ या संचाची संधीही इतर कोणत्याही संचाएवढीच.

पण तोच संच दोनदा निघाला तर? ती तर उघड लबाडी!

बल्गेरियात तसं झालं होतं. ६ सप्टेंबर २००९ ला ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले आणि चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, पुन्हा तेच सहा, वेगळ्या क्रमाने. सरकारने चौकशी केली, लबाडी आढळली नाही. दुसऱ्या वेळी १८ जणांचा संच लागला, कारण मागचेच आकडे लावणारे लोक सगळीकडे असतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं हे. आजचाच संच पुढच्या खेपेला येणं फार दुर्मीळ, ते खरं. पण आजवरच्या कोणत्याही दोन सोडती जुळणं तेवढं दुर्मीळ नाही. ४९ च्या खेळात सुमारे ४,४०० सोडतींनंतर निदान एक संच दोनदा आलेला असण्याची शक्यता निम्मी होते. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर ४२ वर्षं. जगात असे खेळ शेकड्यांनी चालतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं एखादं सॉफ्टवेअर तरी आकडे सांगू शकेल ना?

नाही. असं सॉफ्टवेअर माहितीतला आकृतिबंध शिकतं. जिथे तो नाहीच तिथे ते नसलेला आकृतिबंध शिकेल आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल.

आकडे स्वतः निवडावे की यंत्रावर सोडावे?

लागण्याची शक्यता तीच. फरक पडतो तो बक्षीस वाटून घ्यावं लागण्यात. बहुतेक लोक वाढदिवस लावतात, म्हणून ३१ पर्यंतच्या आकड्यांवर गर्दी असते. तिकिटावर सुबक आकृती होणाऱ्या आकड्यांवरही असते. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ असे आकडे आले आणि जॅकपॉटचे वाटेकरी निघाले १३३. प्रत्येकाला मिळाले १,२२,५१० पौंड.

गणिताच्या जोरावर लॉटरी जिंकलेले लोक आहेत ना?

आहेत, पण त्यांनी आकडा ओळखलेला नाही, नियमातली फट ओळखली आहे. १९९२ मध्ये व्हर्जिनियाच्या लॉटरीत ४४ पैकी ६ आकडे होते, म्हणजे ७०,५९,०५२ संच. तिकीट एक डॉलरचं आणि साठत गेलेला जॅकपॉट २ कोटी ७० लाखांचा. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने सगळेच संच विकत घ्यायचा घाट घातला. वेळ संपेपर्यंत सुमारे ५० लाख तिकिटं हाती आली आणि जिंकणारं त्यांत होतं. पॅरिसमध्ये तर १७२९-३० च्या सुमारासच लेखक व्होल्तेर आणि गणितज्ञ ला कोंदामीन यांनी अशीच फट हेरली होती. नियम बदलले की हा मार्ग बंद होतो आणि एकट्या माणसासाठी तो कधीच उघडा नव्हता.

एकाने मला लागोपाठ दहा वेळा बरोबर भाकीत पाठवलं. पुढच्यासाठी पैसे मागतोय. विश्वास ठेवू का?

अजिबात नको. तो काय करत असेल ते बघा. पहिल्या दिवशी १,०२४ जणांना निरोप जातो. निम्म्यांना सांगायचं पहिला आकडा सम येणार, निम्म्यांना विषम. ज्यांचं चुकलं त्यांना पुन्हा निरोप नाही. उरलेल्या ५१२ चे परत दोन भाग, मग २५६, मग १२८. दहाव्या दिवसाअखेर एकच माणूस उरतो, ज्याने दहाही भाकितं खरी ठरलेली पाहिली. तो माणूस तुम्ही. चुकलेले १,०२३ तुम्हाला कधी भेटत नाहीत.

माझे बाबा कित्येक वर्षं निकाल वहीत लिहून ठेवतात आणि त्यावरून आकडे काढतात. ऐकत नाहीत. काय करू?

वाद घालू नका. ती वही त्यांनी मन लावून लिहिलेली आहे, तिला खोटं म्हटलं की ते दुखावतील आणि तुमचं ऐकणं थांबेल. कर्ज काढण्यापर्यंत किंवा घरखर्चाला हात लावण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून समुपदेशकाची मदत घ्या.

गोष्ट वहीपुरतीच असेल तर एक दुपार त्यांच्याबरोबर बसा. एकसारख्या ४९ चिठ्ठ्या करा, आकडे घाला, घड्या घालून डब्यात टाका. सहा काढायच्या, लिहायच्या, परत टाकायच्या, डबा चांगला हलवायचा. असं ५० वेळा. प्रत्येक आकडा सरासरी सहा वेळा यायला हवा. पण एखादा अकरा-बारा वेळा आलेला दिसेल आणि एखादा एकदा किंवा दोनदाच. त्यांच्या वहीतल्यासारखे हॉट आणि कोल्ड नंबर तुमच्या डब्यातूनही निघतील, आणि त्या डब्यात काय आहे हे तर तुम्हा दोघांनाही ठाऊक असेल. मग त्यांनाच त्यांच्या पद्धतीने एक्कावन्नाव्या खेपेचे आकडे काढायला सांगा. चिठ्ठ्या त्यांच्याच हाताने काढू द्या.